तीन गेले, दोन आले

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता अमजदभाई तुंगेकरांनी टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि तो रिकामाच बाहेर काढला. मग दुसरा हात घातला. तोही रिकामा.

टाकी होती पनवेलच्या मोहल्ल्यामागे, अमजदभाईंच्या छोट्या प्रयोगशाळेच्या परसात, पत्र्याच्या शेडखाली. कुठे स्लॅब टाकला की त्याच काँक्रीटचे सहा इंची ठोकळे ओतून इथे येत. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात बसत आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अमजदभाई त्यांना मशीनमध्ये घालून फोडत. किती जोर लागला ते काट्यावर वाचायचं आणि कागदावर सही करायची. ठोकळा पास तर स्लॅब पास, इतका साधा मामला. कुवेतमध्ये बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. बावीस वर्षांत त्यांचा एक ठोकळा हरवला नव्हता, हे घरात, मोहल्ल्यात आणि मशिदीबाहेर चप्पल घालता घालताही त्यांनी सांगितलेलं होतं.

आज गेलेले तीन ठोकळे होते गव्हाणच्या नव्या मासळी बाजाराच्या छताचे. त्यांच्यावर लाल ऑइलपेंटने ‘ग. बा.’ आणि तारीख घातली होती. शुक्रवारी बाजाराचं उद्घाटन होतं. त्या छताखाली चाळीस कोळणी बसणार, आणि छत त्यांच्या डोक्यावर राहील की डोक्यात येईल, हे ते तीन ठोकळे सांगणार होते.

परसाला फाटक होतं, पण कुलूप नव्हतं. आठ किलोचा दगड कोण चोरणार, असं अमजदभाईंचं मत होतं. ते मत त्यांनी सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी बदललं.

“काय झालं हो?” जमिलाबी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. “टाकीत काय बघताय, मासे पाळलेत काय?”

“काही नाही. कामातलं आहे, तुला नाही कळायचं.”

जमिलाबींनी खिडकी लावून घेतली. हे एक वाक्य अमजदभाईंना पुढे फार महागात पडणार होतं.

२

आता फोन करणं आलं. फोन हातात घेतल्यावर अमजदभाईंच्या ध्यानात आलं की, खरं बोलायला जीभच वळत नाही.

पहिला फोन स्नेहलला. ती बांधकामावर देखरेख करणारी इंजिनियर, वयाने लहान पण कागदाला कडक. तिला ते म्हणाले, “मॅडम, मशीन जरा कुरकुरतंय. रिपोर्ट दोन दिवसांनी देतो.” ठोकळ्यांचा विषयच काढला नाही.

दुसरा धर्मराजला. धर्मराज बाजाराचा ठेकेदार, अंगाने दांडगा, गळ्यात चेन, आणि आवाज असा की त्याला फोन लागला नसता तरी चाललं असतं. त्याला ते म्हणाले, “धर्मराज, एक ठोकळा सापडत नाही रे.”

“एकच ना? मग बाकीचे फोडा की!” धर्मराज गरजला. “नायतर स्लॅबला भोक पारा न् त्यातला तुकडा काढून बगा. मी कदी नाय बोल्लो? पन शुक्रवारच्या आत करा. मंडपवाला सांगून ठेवलाय.”

तिसरा निनादला. निनाद कोन गावाच्या पुढे एका तयार काँक्रीटच्या प्लँटवर क्वालिटीचा साहेब होता. बाजाराच्या छताचं सगळं काँक्रीट त्याच्याच प्लँटवरून गाड्यांतून आलं होतं, आणि ठोकळ्यांवर खूण घालताना तो तिथे हजर होता. तोही प्रयोगशाळेतलाच माणूस, तेव्हा त्याच्यापुढे सगळंच झाकणं बरं दिसेना आणि सगळंच उघडं करणंही नको वाटलं. अमजदभाई म्हणाले, “निनादसाहेब, दोन ठोकळे मिसिंग आहेत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मग आता काय, कोअर काढणार?” निनादने विचारलं. स्लॅबला यंत्राने भोक पाडून आतला काँक्रीटचा दांडका बाहेर काढतात, त्याला कोअर म्हणतात.

“नाही मिळाले तर काढावाच लागेल.”

“टेन्शन घेऊ नका अमजदभाई. मिळतील. आपला माल टॉप आहे. गेल्या महिन्यात तिकडच्या खाणी बंद होत्या, सगळीकडे क्रश सँडची बोंब होती, तरी आमचा प्लँट एक दिवस थांबला नाही!” क्रश सँड म्हणजे खाणीतली खडी दळून केलेली रेती.

अमजदभाईंनी फोन ठेवला आणि एका जुन्या डायरीवर ‘तपास’ असं लिहून खाली रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. त्यामुळे त्यांना जरा हुरूप आला.

३

मंगळवारी तिन्ही संशयित आपापल्या पायांनी चालत आले. अशी सोय फार थोड्या गुप्तहेरांना मिळते.

सकाळी स्नेहल आली. तिच्या स्कूटरवर पायाशी एक जड पिशवी होती. “मशीन झालं का दुरुस्त?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परसात जाऊन हात धुऊन आली.

“पिशवीत काय आहे मॅडम?” अमजदभाईंनी शक्य तितक्या सहज विचारलं.

“फरशीचे नमुने. का?”

“असंच.” डायरीत नोंद झाली: पिशवी, जड.

दुपारी धर्मराज आला. त्याने थंड पेयाच्या बाटल्यांचा क्रेट थेट परसात नेऊन ठेवला. “उद्या ठमाबायच्या नातीची, समृद्धीची हलद हाय गव्हानला. मामा लागतो मी पोरीचा. तुमी न् भाभी येयाचं. हे घरात राहू द्या, गरमी लय हाय.” क्रेटही जड होता. धर्मराजच्या कपाळावर घाम होता. पण तो धर्मराजला डिसेंबरातही असतो.

चार वाजता निनाद आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात सिमेंटचा नमुना म्हणून एक गोणपाटाची थैली. “तुमच्याकडे टेस्टला द्यायचं होतं,” तो म्हणाला. मग टाकी कुठे आहे, शेड कधी बांधली, फाटकाला कुलूप का नाही, अशी आपुलकीने चौकशी केली. फोन आला म्हणून बोलत बोलत परसातही फिरून आला. जाताना थैली विसरला नाही. नमुना मात्र द्यायचा विसरला, असं नंतर लक्षात आलं.

पाच वाजता अमजदभाई टाकीशी गेले आणि त्यांनी सवयीने आत डोकावलं.

टाकीत दोन ठोकळे होते. लाल अक्षरं, ‘ग. बा.’, तारीख तीच.

“या अल्ला,” ते म्हणाले. “चोराने परत आणून दिले!”

त्यांनी लगेच एक मशीनमध्ये घातला. काटा चढू लागला. पंचवीस झाले म्हणजे पास. चांगला माल असेल तर एकतीस-बत्तीसला ठोकळा फुटतो. काटा पस्तीस, चाळीस करत शेहेचाळीसला गेला, तेव्हा कुठे फाडकन आवाज झाला.

शेहेचाळीस! एवढा जोर त्या मापाच्या काँक्रीटमध्ये कुवेतच्या शेखाने स्वतः सिमेंट ओतलं असतं तरी आला नसता. शिवाय अठ्ठावीस दिवस पाण्यात राहिलेला ठोकळा आतून ओलसर गर्द दिसतो. हा आतून कोरडा ठणठणीत होता. अमजदभाईंच्या अंगठ्याला लाल रंगही लागला होता.

म्हणजे हे ठोकळे ते नव्हतेच. कुणीतरी दुसरे आणून बसवले होते. मग खरे कुठे होते? आणि आणणाऱ्याने दोनच का आणले?

४

बुधवारी दुपारी अमजदभाई आणि जमिलाबी गव्हाणला हळदीला गेले. मंडपात ढोल-बेंजो चालू होतं, आणि समृद्धीला इतकी हळद लागली होती की नाक कुठे आहे ते विचारावं लागलं असतं. मंडपामागे मोठ्या चुलीवर भाताचं टोप चढलेलं होतं. तिथे ठमाबाई कमरेला पदर खोचून साऱ्या गावाला ओरडत होत्या.

ठमाबाई चाळीस वर्षं मासळी विकत होत्या. नव्या बाजारात पहिला ओटा त्यांचा होता. तोवर त्या रस्त्याच्या कडेला बसत, आणि दर दोन गिऱ्हाइकांमागे एकाला तिसऱ्यांची रडकथा ऐकवत. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या गाळातल्या शिंपल्या. ओहोटीला बायका हाताने उकरून काढत.

“दोन वर्सं झाली अमजदभाव, तिसरी औशदाला नाय,” त्या आताही म्हणाल्या. “पंप लावून रेती खेचतान. रेतीबरोबर तिसऱ्याई गेल्या, त्यांची पिल्लंई गेली. तकरार केली का, बोलतान, बंदी हाय, कोन काढील? मंग ती रेती काय हवेत उरून गेली?”

अमजदभाई मान डोलावत होते, पण डोळे चुलीवर होते. टोप जराही डुगडुगत नव्हतं. तीन दगडांवर अगदी पाण्यासारखं समतल बसलं होतं. दगड चौकोनी होते. तिन्ही एकाच मापाचे होते. सहा इंची.

ते वाकले. काजळीतून लाल रंगाचं एक अक्षर दिसत होतं.

“ठमाबाई!” अमजदभाईंचा आवाज ढोलाच्या वर गेला. “हे दगड कुठून आणले?”

“घ्या! तुमच्या घरान्शी,” ठमाबाई म्हणाल्या. “मागल्या लग्नाला तुमचे फुटके ठोकले आनले व्हते. तिरके व्हते, अख्खं टोप कलंडलं. म्हनून ह्या टायमाला भाभीला बोल्ले, सरल बघून दे.”

अमजदभाई हळूहळू वळले. जमिलाबी हातात पानाचा विडा घेऊन उभ्या होत्या.

“रविवारी दुपारी तुम्ही झोपला होता,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ढिगातले सगळे फुटके. टाकीत तीन अख्खे होते, धुतलेले. दिले.”

“जमिला! दोन दिवस मी वणवण करतोय, आणि तू बोलली नाहीस?”

“विचारलं होतं की. कामातलं आहे, मला नाही कळायचं, असं तुम्हीच म्हणालात.”

अमजदभाई ठोकळे ओढायला पुढे झाले, तशा ठमाबाई मोठा कालथा घेऊन आडव्या आल्या.

“भात झाल्याबिगर दगड हालनार नाय! तीनशे मानूस जेवायचाय.”

“अहो पुरावा आहे तो!”

“शिजू दे मंग.”

५

पुरावा शिजेपर्यंत पाऊण तास होता. तेवढ्यात अमजदभाईंनी स्नेहल, धर्मराज आणि निनाद अशा तिघांना चुलीपाशी बोलावून घेतलं. धर्मराज तर घरचाच होता, आणि त्याने बाकीच्या दोघांनाही हळदीला बोलावलं होतं.

“मंडळी,” त्यांनी घसा साफ केला, “गव्हाण बाजाराचे तीन ठोकळे रविवारी माझ्या टाकीतून गेले. ते कसे गेले, तो माझा घरगुती प्रश्न आहे.”

जमिलाबींनी विड्याची लवंग काढून तोंडात टाकली.

“तीन?” निनाद पटकन म्हणाला. “पण तुम्ही तर दोन म्हणाला होतात.”

“दोन?” धर्मराज उसळला. “मना तर एक बोलला!”

“आणि मला म्हणालात मशीन बिघडलंय!” स्नेहलचा आवाज थंड होता. “अमजदभाई, तुम्ही खोटं बोललात?”

“बोललो,” अमजदभाई म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी मान खाली घातली नाही. “लाज वाटली म्हणून बोललो. ज्याच्यापुढे जेवढी लाज, तेवढा आकडा लहान. चूक माझी. पण त्या चुकीने एक काम केलं. मंगळवारी माझ्या टाकीत कुणीतरी खोटे ठोकळे आणून ठेवले. धर्मराजने ठेवले असते, तर एक ठेवला असता. त्याला तेवढाच गेल्याचं माहीत होतं. मॅडमना तर काही गेल्याचंच माहीत नव्हतं. टाकीत आले दोन. आणि दोनाचा आकडा मी साऱ्या पनवेलमध्ये एकाच माणसाला सांगितला होता.”

सगळ्यांच्या माना निनादकडे वळल्या. ढोलही नेमका तेव्हाच थांबला.

“मी... मी मदत म्हणून...” निनादच्या शर्टाची इस्त्री एकदम उतरल्यासारखी वाटली. “आमच्याकडे जादा ठोकळे पडलेले असतात. तुमचा रिपोर्ट अडू नये म्हणून...”

“रिपोर्ट अडला असता तर काय झालं असतं?” अमजदभाई म्हणाले. “छताला भोक पाडून कोअर काढला असता. धर्मराज म्हणाला, पाडा भोक. त्याला भीती नव्हती, कारण त्याने तुमच्याकडून माल नीट विकत घेतला होता. कोअरचं नाव काढून लगेच विषय बदललात ते तुम्ही. निनादसाहेब, त्या छतात असं काय आहे, जे कुणी बघू नये?”

निनाद काही बोलणार इतक्यात चुलीत फट्ट असा आवाज झाला. एका ठोकळ्याचा कोपरा तापून उडाला आणि नेमका धर्मराजच्या थंड पेयाच्या ग्लासात पडला.

“च्यायला!” धर्मराज म्हणाला.

ग्लासात चर्रर्र झालं. ठमाबाईंनी दोन बोटांनी तुकडा बाहेर काढला, फुंकर मारली, पदराने पुसला. तुकड्यात पांढरे ठिपके होते. त्यांनी नखाने एक ठिपका खरवडला. एका बाजूने तो चुन्यासारखा भुरभुरला. दुसऱ्या बाजूने जेमतेम नखाएवढी शिंपली निघाली, कडेला जांभळी.

ठमाबाईंनी ती शिंपली उजेडाकडे धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“ही आमची तिसरी हाय,” अखेर त्या म्हणाल्या. “जांबल्या काठाची. ही आमच्या खाडीतच मिलते, दुसरीकरं नाय. दोन वर्सं मी हिला गालात शोधते, न् ही माज्याच डोक्यावर जाऊन बसलीय.”

६

मग निनाद बोलला. खाणी बंद पडल्या तेव्हा प्लँटवर क्रश सँड येईना. डोंगर फोडून काढलेल्या खडीची ती बारीक रेती नसेल तर गाड्या थांबतात, आणि गाड्या थांबल्या की मालक थांबत नाही. मग मागच्या दाराने खाडीतली पंपाची रेती आली. न धुतलेली, खारट, शिंपल्यांसकट. चार दिवस तीच चालली. त्या चार दिवसांतच बाजाराचं छत ओतायचं होतं. मालकाने डोळेझाक केली, आणि निनादने सही केली.

“काय होतं त्याने?” समृद्धीच्या आईने, म्हणजे धर्मराजच्या बहिणीने विचारलं. तिचाही ओटा त्याच बाजारात होता.

“मीठ आतल्या सळ्या खातं, ताई,” अमजदभाई म्हणाले. “आज काही दिसत नाही. चार-सहा वर्षांनी लोखंड गंजून फुगतं आणि छत पोपडे सोडायला लागतं. मग एखाद्या गर्दीच्या सकाळी...” त्यांची नजर चुलीकडे गेली. ठमाबाई पहिल्या ओट्यावर बसणार होत्या.

धर्मराजने बाह्या वर केल्या, तेव्हा त्याला चौघांनी धरलं. “माजी बहीन बसनार व्हती त्याखाली! माजी बहीन!” तो ओरडत होता, आणि ओरडता ओरडता रडायला लागला. स्नेहलने तिथेच हळदीच्या पाटावर कागद ठेवला आणि उद्घाटन रद्द केल्याचं पत्र लिहिलं. पत्राला हळदीचा डाग पडला. नंतर प्लँटच्या वकिलाने त्या डागावर आक्षेप घेतला, पण छताचे तीन कोअर काढले तेव्हा तिन्हीत शिंपल्या निघाल्या, आणि वकील डाग विसरला.

घरी जाताना अमजदभाई रिक्षातून बाहेर बघत बसले होते.

“शोधून काढलंत की सगळं,” जमिलाबी म्हणाल्या. “मग तोंड का उतरलंय?”

“जमिला, तू ठोकळे दिले नसतेस तर मी सोमवारी ते फोडले असते. आणि ते पास झाले असते.” ते रिक्षाच्या दांडीला धरून म्हणाले. “मिठाने अठ्ठावीस दिवसांत जोर कमी होत नाही. काटा तीसच्या वर गेला असता. मी सही केली असती आणि तुकडे ढिगात टाकले असते. इतकी वर्षं मी काटा बघतोय. काटा बरोबर आला की फुटलेल्या ठोकळ्याच्या आत काय आहे, ते मी एकदाही वाकून बघितलं नाही. कोअरचंही तेच झालं असतं. त्या निनादला हे माहीत असतं तर तो घरी आरामात झोपला असता.”

जमिलाबींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पनवेल येईपर्यंत तो तिथेच होता.

छत पाडायला एक महिना लागला आणि नवं टाकायला तीन. तेवढे दिवस चाळीस कोळणी उन्हात रस्त्याच्या कडेला बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छताची गोष्ट सांगत राहिल्या. दर वेळी गोष्टीत चुलीचा स्फोट थोडा मोठा होत गेला. खाडीतले पंप उचलले गेले. आता परसाच्या फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली जमिलाबींच्या कमरेला. ठोकळा फुटला की अमजदभाई आधी चष्मा लावून तुकडे बघतात, काटा नंतर.

नवा बाजार उघडला, त्याच्या दुसऱ्या वर्षी ठमाबाई एक दिवस पाटी घेऊन प्रयोगशाळेत आल्या. पाटीत ओला गाळ होता आणि गाळात बारक्या बारक्या जांभळ्या काठाच्या शिंपल्या.

“इकायच्या नाय,” त्या म्हणाल्या. “लहान हायेत. आता परत खाडीत सोराया चाललेय. तुमाला दाखवाया आनल्या.”

अमजदभाईंनी चष्मा लावला आणि पाटीवर वाकून एकेक बोटाने सरकवत मोजल्या.

“किती आहेत हो?” खिडकीतून जमिलाबींनी विचारलं.

“सतरा,” अमजदभाई म्हणाले. त्यांनी एकही कमी सांगितली नाही.